फायलीतल्या तारखा सोबत घ्या

*आदरणीय ताई, स.न.वि.वि.*

*मी कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय 48. दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. लगेच 12 सप्टेंबरला पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "चरबीची गाठ आहे, घाबरू नका," आणि गोळ्या दिल्या. मग दुसरे डॉक्टर, सोनोग्राफी, मोठ्या शहरात बायोप्सी. 30 जानेवारीला रिपोर्ट हातात आला. केमो, ऑपरेशन, लाईट (रेडिएशन) सगळं उरकून आता वर्ष झालं. रोजची गोळी चालू आहे.*

*केमोच्या वेळी ओळख झालेल्या एका ताईंनी कळवलंय की मुंबईत स्तनाच्या कॅन्सरवर दोन दिवसांची परिषद आहे. डॉक्टर, सरकारी अधिकारी, संस्थांची माणसं असतील, आणि रुग्णांची बाजू मांडायला आमच्या भागातून मी यावं असं त्यांचं म्हणणं आहे. माझे मिस्टर म्हणतात, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता तेच कशाला उगाळायचं?" सासूबाईंना काळजी वेगळीच. मुलगी 23 वर्षांची आहे, तिच्यासाठी स्थळं बघतोय. माझा फोटो कुठे आला तर लोक काय म्हणतील? मला स्वतःला दोन भीती आहेत. तिथे सगळं इंग्रजीत चालेल ही एक, आणि जे ऐकायचं नाही ते ऐकावं लागेल ही दुसरी. शिवाय मी बरी झाले. मी कुणाची बाजू काय मांडणार? जाऊ का?*

*— एक वाचक*

प्रिय बाई,

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून बाईच म्हणते. जा. माझं उत्तर एवढंच आहे. तुम्ही एवढ्या बारकाईने लिहिलंत म्हणून मीही जरा सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र वाचताना मी एक गोष्ट केली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि 12 सप्टेंबर ते 30 जानेवारी दिवस मोजले. 140 भरले. तुम्ही तारखा लिहिल्यात, बेरीज केली नाहीत. बहुतेक जणी करत नाहीत. त्या दिवसांत आपण कुठल्या अवस्थेत असतो ते आठवायचंच नसतं. पण "मी कुणाची बाजू मांडणार" याचं उत्तर या 140 आकड्यात आहे, म्हणून तो तुमच्यासमोर ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली स्तनाच्या कॅन्सरसाठी एक कार्यक्रम जाहीर केला. त्यात सगळ्या देशांसमोर तीन उद्दिष्टं ठेवली आहेत. दर शंभरपैकी निदान साठ जणींचा आजार सुरुवातीच्या टप्प्यातच सापडावा. बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान पक्कं व्हावं. आणि शंभरातल्या ऐंशी जणींचे उपचार अर्ध्यावर न सुटता पुरे व्हावेत. साठ दिवस, बाई. तुमचे दुपटीहून जास्त गेले. हात जोडून विनंती, हा दोष स्वतःवर घेऊ नका. तुम्ही लगेच दाखवायला गेला होतात.

परिषदेत डॉक्टर पडद्यावर आलेख दाखवतील. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1,92,000 बायकांना हा आजार झाला आणि सुमारे 98,000 गेल्या, हे आकडे तिथे नक्की येतील. सभागृहातल्या सगळ्यांना ते पाठ असतात. पण एका तालुक्यातली बाई पहिल्या दवाखान्यातून शेवटच्या रिपोर्टपर्यंत कशी पोचते, मध्ये कुठल्या बाकड्यावर किती आठवडे बसते, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. बाजू मांडणं म्हणजे हेच. या कामाला ॲडव्होकसी म्हणतात आणि तो शब्द ऐकून कोर्ट-कचेरीची आठवण येते. पण तुम्ही पालकसभेत एखाद्या मुलासाठी उभ्या राहता, तेव्हा याहून वेगळं काय करता?

हे काम साध्या बायकांनीच सुरू केलं. अमेरिकेत 1974 साली रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला स्तनात गाठ लागली. तेव्हाची रीत अशी की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर आल्यावर आपल्या अंगावर काय उरलंय हे बाईला हात लावून बघावं लागे. कुशनरबाईंनी सांगितलं, आधी फक्त तपासणी करा, पुढचं मला विचारून ठरवू. हे ऐकणारा सर्जन मिळेपर्यंत त्यांनी पुष्कळांना फोन केले. त्या लिहीत राहिल्या, डॉक्टरांच्या सभांमध्ये उभ्या राहून विचारत राहिल्या. 1979 साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने जी समिती नेमली, तिच्यात त्या होत्या, आणि तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं अशी शिफारस त्या समितीने केली. तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट आधी आला, मग उपचार ठरले. तो मधला वेळ कुणीतरी भांडून मिळवलेला आहे.

पुढे 1991 साली तिथल्या अनेक संघटनांनी मिळून एक राष्ट्रीय आघाडी केली. त्यांच्या रेट्यामुळे दुसऱ्याच वर्षी अमेरिकी संसदेने संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून या आजाराच्या संशोधनासाठी 21 कोटी डॉलर दिले. कुठल्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हा आजार झालेल्या बायकाही बसू लागल्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. जे ठरणार त्याचे परिणाम ज्यांच्या शरीरावर होणार, त्यांचं म्हणणं आधी ऐकायचं, इतकाच त्यामागचा विचार.

आपल्याकडचं उदाहरण अगदी जवळचं आहे आणि ते सांगताना मला अजून गलबलून येतं. 2022 साली केरळमधली एक बाई तिथल्या उच्च न्यायालयात गेली. तिचा कॅन्सर पसरलेला होता. त्यावरच्या रायबोसिक्लिब या गोळ्यांचा खर्च महिन्याला अर्ध्या लाखाच्या वर जात होता. औषधाचं पेटंट असल्यामुळे दुसरी कंपनी ते स्वस्तात बनवू शकत नव्हती. सरकारने आपल्या अधिकारात तशी परवानगी द्यावी, असं तिचं मागणं होतं. खटला चालू असतानाच ती वारली. न्यायालयाने प्रकरण बंद केलं नाही. इतर रुग्णांचा प्रश्न आहे म्हणून ते स्वतःहून पुढे चालू ठेवलं. ती बरी झालेली नव्हती. आपण बऱ्या होणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती गेली.

आता तुमच्या मिस्टरांविषयी. "उगाळायचं कशाला" असं म्हणणारा माणूस पाषाणहृदयी नसतो, घाबरलेला असतो. मला हाच आजार झाला तेव्हा आमच्या घरात सगळी कागदपत्रं यांनी सांभाळली. साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात केमोच्या पावत्या, रक्ताचे रिपोर्ट, गाठीचे तपासणीचे नमुने घेऊन गेलो त्या दिवसाचं रिक्षाचं भाडं लिहिलेला कागद, सगळं तारखेप्रमाणे रबर लावून ठेवलेलं. माझे उपचार संपले आणि ती पिशवी कपाटाच्या माथ्यावर गेली. मी काढायला गेले की ते खोलीतून उठून जात. मला वाटे, यांना माझ्या आजाराचा कंटाळा आला. तसं नव्हतं. मी भूल उतरेपर्यंत आत होते, हे बाहेरच्या पॅसेजमध्ये होते. त्या पॅसेजची भीती माझ्या वाट्याला आलीच नाही.

म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना काम द्या. तुमच्या घरीही फाईल त्यांनीच सांभाळली असणार, असा माझा अंदाज आहे. एका संध्याकाळी चहा झाल्यावर ती काढा आणि म्हणा, मला तारखा लावून द्या. पहिल्यांदा कुठे दाखवलं, कधी. त्या गोळ्या किती दिवस घेतल्या. सोनोग्राफी कुठे, किती रुपये. बायोप्सीचा नमुना कुठल्या शहरात पाठवला, रिपोर्टला किती दिवस लागले. ई-आर, पी-आर आणि हर-टूची तपासणी (कुठली औषधं लागू पडतील ते सांगणारी) त्यातच झाली की पुन्हा वेगळे पैसे भरून करावी लागली. महात्मा फुले योजनेत काय बसलं आणि काय खिशातून गेलं. मुक्कामाचे, जेवणाचे, एसटीचे पैसे. किती दिवसांचा पगार बुडाला. वहीचं एक पान भरेल. ते पान तुमच्या हातात देताना त्यांनाही कळेल की मुंबईला तुम्ही रडायला निघालेल्या नाही आहात.

त्या पानावर डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं लिहू नका. कुणा एकाला उघडं पाडायला आपण जात नाही. "तालुक्याच्या गावचा दवाखाना" एवढं पुरे. तारखा मात्र खऱ्या हव्यात.

मुलीचा प्रश्न खरा आहे, आणि सासूबाईंवर रागावून तो सुटणार नाही. आधी वैद्यकीय बाजू सांगते. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहाच आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या बिघाडामुळे होतात. बाकीच्यांचा असा वारसा नसतो. तुमच्या आईला, मावशीला, आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, हे पत्रात नाही. असेल तर जनुकांच्या तपासणीबद्दल तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. तपासणी आधी तुमची होते, मुलीची नाही. परिषदेत अशा समुपदेशनाचे तज्ज्ञ बहुधा असतात, चहाच्या वेळी त्यांना गाठता येईल. "लग्न ठरलेलं नाही, आत्ता तपासणी करावी की पुढे?" हा प्रश्न त्यांना नवा नसेल.

लग्नाच्या बाजूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमचा आजार लपवून जमलेलं लग्न मुलीच्या डोक्यावर कायमची टांगती तलवार ठेवील. पण कुणाला, कधी, किती सांगायचं हे मुलीने ठरवावं. तुम्ही नाही, सासूबाईंनी नाही आणि मीही नाही. ती 23 वर्षांची आहे. तिला समोर बसवून विचारा, "मी परिषदेला गेले, फोटो आला, तर तुला चालेल का?" तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, तिचं नाही. तिला अजून कुणी विचारलंच नसेल, असं मला वाटतं.

ती नको म्हणाली, तरी जाणं अडत नाही. नोंदणी करतानाच आयोजकांना लेखी कळवा की माझा फोटो आणि पूर्ण नाव कुठेही छापायचं नाही, पडद्यावर दाखवायचं नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावर फक्त पहिलं नाव लिहून मागा. संमतीचा कागद पुढे केला तर वाचून सही करा आणि नको असलेल्या ओळीवर काट मारा. हा तुमचा हक्क आहे. मागितला म्हणून कुणी नाराज झालं, तर होऊ द्या.

इंग्रजीची भीती मात्र मनातून काढून टाका. भाषणं इंग्रजीत होतील, पडद्यावरची अक्षरंही इंग्रजी असतील. पण मुंबईतले कॅन्सरचे डॉक्टर दिवसभर बाह्यरुग्ण विभागात मराठी आणि हिंदीतच बोलत असतात. प्रश्न मराठीत विचारा. माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विदर्भातल्या एका शेतमजूर बाईने विचारला होता. ती म्हणाली, "तुमची लाईटची मशीन पंचवीस दिवस चालते, मंग माही जनावरं पंचवीस दिवस कोन पाहीन?" सभागृह गप्प झालं. मग व्यासपीठावरच्या डॉक्टरांनी, लाईटचे दिवस कमी करण्याबाबत कुठे काय चाललंय ते दहा मिनिटं समजावून सांगितलं, तेही मराठीत.

आकड्यांची भाषा मात्र थोडी शिकून जा. ती इंग्रजीपेक्षा महत्त्वाची आहे. आपल्याच मुंबईतलं उदाहरण घेऊ. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या 11 केंद्रांवर सुमारे 1,600 बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी काही मिनिटं गाठीच्या भोवती बधिर करण्याचं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं. निम्म्या जणींना दिलं नाही. 2023 साली तो अभ्यास छापून आला. सहा वर्षांनी आजार न उलटता असलेल्या बायका, इंजेक्शन घेतलेल्या गटात शंभरात 86.6 आणि न घेतलेल्या गटात 82.6. आता हीच गोष्ट "धोका 26 टक्क्यांनी घटला" अशीही सांगता येते. दोन्ही खरं आहे. पण ऐकणाऱ्या बाईला पहिली भाषा उपयोगी, कारण दर शंभर जणींत आणखी चार जणींना फायदा झाला, हे ती बोटांवर मोजू शकते. म्हणून कुणीही टक्के सांगितले की हात वर करा आणि विचारा, "शंभर बायकांमागे किती जणींना फायदा? आणि खर्च किती?" दोन दिवसांत हा एवढाच प्रश्न चार वेळा विचारलात तरी तुमचं जाणं सार्थकी लागेल.

आता तुमची दुसरी भीती. जे ऐकायचं नाही ते ऐकावं लागेल का? लागेल. खोटं सांगणार नाही.

माझ्या पहिल्या परिषदेत दुसऱ्याच भाषणाला पडद्यावर एक रेघ आली. डावीकडून उजवीकडे जिना उतरावा तशी पायरी-पायरीने खाली जाणारी. इंग्रजी मला कळत होतं, आलेख वाचता येत होता. प्रत्येक पायरी म्हणजे एक बाई गेली, हे उमजलं आणि मी खुर्चीवरून उठले. बाहेर चहाचं टेबल मांडलेलं होतं. तिथल्या नळावर मी किती वेळ हात धूत उभी होते, कोण जाणे. मागून एक बाई आली. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, हातात कागदी बशीत शिरा. म्हणाली, "पहिली वेळ का? मीही पहिल्या वेळी इथेच उभी होते." तिचा आजार हाडात आणि यकृतात पसरलेला होता. हे तिने शिरा खाता खाता सांगितलं, जसं आपण गावचं नाव सांगतो. मग ती मला परत आत घेऊन गेली, स्वतःच्या शेजारी बसवलं आणि कानात म्हणाली, "ही रेघ आपण दोघी नाही. ही बाराशे बायकांची रेघ आहे. आपण त्यात कुठे आहोत ते या डॉक्टरलाही माहीत नाही."

ती पुढच्या वर्षी गेली. तिचा नंबर मी फोनमधून काढलेला नाही.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तिथे पसरलेल्या आजाराच्या बायका भेटतील आणि तुमच्या पोटात गोळा येईल. तुम्हाला त्यांच्यापासून दूर बसावंसं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्यांच्या शेजारीच बसा. कॅन्सरच्या सभांमध्ये बरं झालेल्यांचे सत्कार होतात, "मी लढले, मी जिंकले" अशी भाषणं होतात, आणि या बायका मागच्या रांगेत ऐकत असतात. मग त्या हरल्या का? त्यांनी काय कमी सोसलं? माझी कळकळीची विनंती आहे, माईक हातात आला तर लढाई, हारजीत हे शब्द वापरू नका. तुम्हाला उपचार लागू पडले. त्यांनाही तितकेच चांगले आणि परवडणारे उपचार मिळायला हवेत, असं म्हणा.

सत्काराचं निघालंच आहे तर आणखी एक सांगते. एका परिषदेत आम्हा पंधरा जणींना व्यासपीठावर बोलावलं, गुलाबी दुपट्टे घातले, हातात रोपं दिली, फोटो काढले. दुपारी औषधांच्या किमतींवर चर्चा होती. आम्ही आत जायला निघालो तर दारावरच्या मुलीने अडवलं. "हे सत्र डॉक्टरांसाठी आहे, तुमच्यासाठी खाली योगासनं ठेवली आहेत." मी त्या दिवशी खाली गेले. त्याची खंत मला आजही आहे. ज्या औषधांपायी आमच्यातल्या दोघींनी मंगळसूत्रं मोडली होती, त्यांच्या किमतींची चर्चा आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर चालली होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर खाली जाऊ नका. नम्रपणे म्हणा, "मी मागे उभी राहून ऐकेन."

त्या गुलाबी रंगाचीही एक गोष्ट आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या बाई घरी बसून पीच फळाच्या रंगाच्या फिती करायच्या आणि त्यांच्यासोबत एक कार्ड द्यायच्या. सरकारच्या कॅन्सरवरच्या खर्चातला फक्त पाच टक्के वाटा आजार टाळण्यासाठी जातो, असं त्या कार्डावर असायचं. एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली, तेव्हा धंद्यासाठी नको म्हणून त्यांनी नकार दिला. मग रंग बदलून गुलाबी फीत निघाली. रंग जगभर गेला, कार्ड मागे राहिलं. तुम्ही जाताना तुमचं कार्ड, म्हणजे ते वहीचं पान, न्यायला विसरू नका.

थोडं व्यवहाराचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरता येईल. एसटीने जायचं तर बायकांना अर्धं तिकीट आहेच. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आयोजक देतात का, ते आधी लेखी विचारा. रुग्णांसाठी अनेक ठिकाणी नोंदणी माफ असते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ऑपरेशन डाव्या बाजूला झालंय, तर जड पिशवी त्या हाताने उचलू नका. हाताला सूज येत असेल आणि डॉक्टरांनी दाबपट्टी दिली असेल तर प्रवासात ती घाला. रोजची गोळी हातातल्या पर्समध्ये ठेवा. अंगातून वाफा येत असतील तर सुती साडी नेसा आणि शाल जवळ ठेवा. सभागृहात थंडगार असतं आणि बाहेर मुंबईचा घाम. केमोनंतर नावं, शब्द चटकन आठवत नाहीत. वही उघडीच ठेवा आणि भेटेल त्याचं नाव लगेच लिहा. बाहेर निरनिराळ्या कंपन्यांचे स्टॉल असतील. माहिती घ्या, पण प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर विकणाऱ्याला फोन नंबर देऊ नका. परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ नका, एक किरकोळ रजा जास्तीची टाका. दोन दिवसांचं ऐकलेलं तिसऱ्या दिवशी अंगावर येतं. तेव्हा घरात कुणीतरी असावं.

आणि आता तुमचा प्रश्न. परिषदेत एक प्रश्न नीट विचारता आला तरी पुष्कळ झालं, म्हणून तो घरूनच लिहून न्या. माझ्या मनात एक आहे. त्यामागची हकिगत अशी. मुंबईतच टाटा रुग्णालयाने 1998 पासून वीस वर्षं एक अभ्यास केला. वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या जणींची स्तनांची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली, अशा चार फेऱ्या झाल्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकलेले हात. 2021 साली निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्यांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही लक्षात असू द्या. कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता यायला हवं.

तुमच्या तालुक्यात मॅमोग्राफीचं यंत्र यायला वेळ लागेल. शिकलेले हात यायला इतका वेळ लागू नये. तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या हातांनाही ते शिक्षण मिळालं असतं तर 140 दिवस गेले नसते.

तेव्हा माईक आला की उभ्या राहा, वहीतलं पान उघडा आणि वर्गात वाचता तसं, घाई न करता, वाचा:

"मी प्राथमिक शाळेत शिकवते. मला गाठ लागल्यावर मी लगेच डॉक्टरांना दाखवलं, तरी निदान व्हायला 140 दिवस लागले. हे त्या दिवसांचं टिपण आहे. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये आरोग्य सेविकांनी हाताने केलेली तपासणी उपयोगी ठरली, हे तुम्हीच सिद्ध केलंत. ती आमच्या तालुक्याच्या उपकेंद्रात कधी सुरू होणार, आणि त्यासाठी मी कुणाला भेटू?"

शेवटचे चार शब्द गाळू नका. जे नाव सांगतील ते तिथेच वहीत लिहून घ्या, आणि मलाही कळवा.

तुमची,
ताई